तुम्ही विचारलंत म्हणून: कुठलाही लॅपटॉप घेऊन त्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम), टाकता येत नाही का?

येतं. सतरा-अठरा वर्षं मी तेच करत आलोय, स्वतःच्या मशीनवर आणि दुसऱ्यांच्याही. तरी कोणी नवा लॅपटॉप घ्यायला निघालं की मी म्हणतो, लिनक्स आधीपासून घातलेला मिळतो का ते पाहा, आणि नसेल मिळत तर थोडं थांबा. त्यावर उत्तर ठरलेलं असतं. "लिनक्स तर फुकट आहे ना भाऊ? मग थांबायचं काहून?" ऑफिसात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून तर फोन करून विचारतात.

ज्यांचं मशीन जुनं आहे आणि विंडोज ११ ते घेत नाही, त्यांच्याशी माझा काहीच वाद नाही. रविवारी घरी या, मी टाकून देतो. पाच-सात वर्षांपूर्वीचं हार्डवेअर आता कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ओळखीचं असतं, वॉरंटी कधीच संपलेली असते, आणि काही चुकलं तरी नुकसान थोडं. माझं म्हणणं नव्या मशीनपुरतं आहे. आणि हे म्हणणं माझं पहिल्यापासूनचं नाही, हे आधी सांगून टाकतो.

२००९ मध्ये तुम्ही मला हाच प्रश्न विचारला असता तर मी तुमच्या बाजूने, तुमच्यापेक्षा मोठ्याने बोललो असतो. कंपनीने घातलेलं लिनक्स म्हणजे नुसता देखावा, असं माझं तेव्हाचं मत. त्याला कारणही होतं. असूसचा छोटा ईई पीसी २००७ मध्ये झँड्रॉस नावाचं लिनक्स घेऊन आला होता, एसरच्या स्वस्त मशीनवर लिनपस यायचं. दोन्ही मी हाताळले. मराठी लिहायचं तर फाँटपासून सुरुवात करावी लागायची, आणि माझं तर पोटच मराठी टायपिंगवर. मग मी ते पुसायचो, उबुंटू हे दुसरं लिनक्स टाकायचो, इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावायचो आणि तासाभरात कामाला लागायचो. ज्याला स्वतः टाकता येत नाही त्याने वापरूच नये, असंही मी तेव्हा म्हटलेलं आहे. ते आठवलं की आज मला वाईट वाटतं. पण त्या वयाच्या माझं सगळंच चुकत होतं असंही नाही. आधीपासून घातलेलं म्हणजे नीट घातलेलं, हे तेव्हाही खरं नव्हतं आणि आजही दर वेळी खरं नसतं.

मत बदललं ते भाचीच्या लॅपटॉपमुळे. कितीदा अर्धवट सांगितलंय, आज पूर्ण सांगतो.

२०१९ मध्ये ती इंजिनिअरिंगला लागली. बहिणीचा फोन आला, तू सोबत जा. भाऊजी, भाची आणि मी नागपूरच्या बर्डी बाजारात गेलो. एकाच कंपनीचं एकच मॉडेल दोन किमतींना होतं, विंडोजवालं आणि 'डॉस'वालं. फरक साधारण चार हजारांचा. डॉसवालं म्हणजे काय ते दुकानदाराने चालू करून दाखवलं. काळा पडदा, वर 'सी'चं अक्षर, शेजारी लुकलुकणारी रेघ, बस. हे डॉस म्हणजे फ्रीडॉस, १९९४ पासून चालत आलेला एक मोफत प्रकल्प. लॅपटॉपमध्ये तो घालतात तो कोणी वापरावा म्हणून नाही. मशीनबरोबर काहीतरी ओएस दिली, एवढं कागदावर दिसावं म्हणून. दुकानदार म्हणाला, "डॉसवाला घेऊन जा, विंडोज मी टाकून देतो, पाचशे रुपये." मी म्हटलं, चोरीचं नको, मी चांगलं लिनक्स टाकून देतो. भाऊजींना चार हजार वाचल्याचा आनंद. भाचीला मामा काहीतरी भारी करणार याचा आनंद. मला तर दोन्हींचा.

घरी येऊन उबुंटू टाकलं. सगळं चाललं, वाय-फाय सोडून. आतलं कार्ड रियलटेकचं, ८८२१सीई. ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे त्याचा ड्रायव्हर, तेव्हा कर्नलमध्ये नव्हता. मी त्याचा सोर्स कोड उतरवून घेतला, त्याच मशीनवर कंपाइल करून चालण्याजोगा केला, सिक्युअर बूट नावाचं, सही नसलेले ड्रायव्हर अडवणारं कुलूप बंद केलं, आणि रात्री अकराच्या सुमारास वरच्या कोपऱ्यात वाय-फायचे पंखे उमटले. भाचीने टाळ्या वाजवल्या. मी घाईत होतो. ड्रायव्हर डीकेएमएस नावाच्या सोयीत बसवला असता तर नवा कर्नल आला की तो आपोआप पुन्हा तयार झाला असता. मी नुसती 'मेक इन्स्टॉल' ही एकवेळची आज्ञा देऊन उठलो. अपडेट आल्यावर दोनदा वाय-फाय गेलं, दोन्ही वेळा मी स्कूटर काढून गेलो, दहा मिनिटांत करून आलो, चहा पिऊन आलो. तेव्हाही ते कायमचं नीट केलं नाही. पुढच्या वेळी करू म्हटलं.

सप्टेंबर २०२०. नागपुरात कोरोना शिगेला पोचलेला, कोणी कोणाच्या दारात जात नव्हतं. सकाळी दहाला तिची ऑनलाइन परीक्षा, लॉगिन करायला पंधरा मिनिटं. पावणेदहाला फोन आला. "मामा, वाय-फाय दिसतच नाही आहे." सेटिंगमध्ये लिहून आलेलं होतं, अ‍ॅडॉप्टर सापडला नाही. आदल्या दिवशी सुरक्षेचं अपडेट आलं होतं, सकाळी मशीन नव्या कर्नलवर चालू झालं, आणि माझा हाताने बसवलेला ड्रायव्हर जुन्या कर्नलजवळच राहिला.

मला उपाय माहीत होता. चालू होताना ग्रबचा, म्हणजे कुठला कर्नल चालवायचा ते विचारणारा, मेनू आणायचा आणि जुना कर्नल निवडायचा. मी सांगितलं, चालू करताना शिफ्ट दाबून धर. काही झालं नाही. पुन्हा केलं, पुन्हा नाही. मग लक्षात आलं, शिफ्ट जुन्या पद्धतीने, बायोसने चालू होणाऱ्या मशीनवर. हिच्या नव्या पद्धतीच्या, यूईएफआय मशीनला एस्केप लागतं. एस्केप म्हटल्यावर ती घाबरून पटापट दाबत गेली. जास्त वेळा दाबलं की मेनूच्याही पलीकडे जातं, काळ्या पडद्यावर नुसतं 'ग्रब' लिहिलेलं राहतं. "मामा, आता इंग्रजीत काहीतरी लिहून पुढे रेघ आहे. काय करू?" तिच्या आवाजाच्या मागे बहीण कोणाला तरी विचारत होती, त्याला येते ना नक्की? घड्याळात दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. मी म्हटलं, बंद कर, पुन्हा चालू कर, एस्केप एकदाच. मशीन उठेपर्यंत सव्वादहा झाले. लॉगिन बंद झालं.

दहा चाळीसला, फोन ठेवून मी नुसताच बसलो होतो तेव्हा, मला आठवलं की मोबाइल केबलने जोडून त्याचं नेट वापरता आलं असतं. त्याला वेगळा ड्रायव्हर टाकावा लागत नाही. एका मिनिटाचं काम होतं. तिचा मोबाइल आणि चार्जिंगची केबल, दोन्ही तिच्या टेबलावरच होते.

त्या परीक्षेचे गुण गेले. पुढच्याच महिन्यात लिनक्सचा ५.९ कर्नल निघाला, आणि त्यात त्या कार्डाचा ड्रायव्हर होता.

त्यानंतर काही महिन्यांनी त्याच लॅपटॉपच्या कीबोर्डची चार बटणं चालेनाशी झाली. वॉरंटी शिल्लक होती. सर्व्हिस सेंटरने भाऊजींना सांगितलं, आमची तपासणी विंडोजवरच होते, विंडोज टाकून आणा. भाऊजी पाचशे रुपये देऊन कोणाकडून तरी टाकून आले. कीबोर्ड बदलून मिळाला. मी भेटलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आता ते तुमचं राहू द्या." भाची रागावली नव्हती. ती म्हणाली, "मामा, तू जवळ असतास तर चाललं असतं." ते मला जास्त लागलं. म्हणजे तो लॅपटॉप मी जवळ असलो तरच चालणारा होता.

आता तुम्ही म्हणाल, चूक तुमची होती, लिनक्सची नव्हती. अगदी कबूल. डीकेएमएस मी नाही लावलं, एस्केप मला आठवलं नाही, केबल मला आठवली नाही. पण माझी चूक मधे आलीच का? कारण ते मशीन आणि ती ओएस एकमेकांसोबत चालतात हे पाहणं कोणाचंच काम नव्हतं, म्हणून ते माझं झालं. कंपनी म्हणते आम्ही डॉस दिलं, दुकानदार म्हणतो मी डबा दिला. विंडोजवाल्या मशीनवर हे काम कोणीतरी पगार घेऊन आधीच केलेलं असतं, झाकण मिटल्यावर झोपतं का इथपासून उजेड कमी-जास्त करायच्या बटणापर्यंत. लिनक्ससाठीही ते होऊ शकतं. डेलने २००७ मध्ये अमेरिकेत उबुंटूवाले कॉम्प्युटर विकायला काढले. २०१२ मध्ये 'स्पुटनिक' नावाने एक्सपीएस १३ या लॅपटॉपवर खास काम करून तो विकायला आणला. लेनोव्होने २०२० मध्ये थिंकपॅडवर फेडोरा नावाचं लिनक्स दिलं. तिथे वाय-फाय नाही चाललं तर तक्रार कोणाकडे करायची ते ठरलेलं असतं. केरळच्या सरकारी शाळांत हजारो वर्गांतले लॅपटॉप 'काइट' या तिथल्या सरकारी संस्थेने तयार केलेल्या लिनक्सवर चालतात. तिथल्या शिक्षकाला रात्री अकराला ड्रायव्हर कंपाइल करावा लागत नाही.

"आधीपासून घातलेलं" म्हणतो तेव्हा मला हे हवं असतं. पैसे वाचवायचा प्रश्न नाही. वाचवायचेच असते तर दुसरा रस्ताही मी चालून पाहिलाय. विंडोजच्या करारात लिहिलेलं असतं की अटी मान्य नसतील तर परताव्याबद्दल मशीन बनवणाऱ्याशी बोला. मी एकदा बोललो. त्या कंपनीच्या माणसाने, नीट बोलून, सांगितलं की परत करायचं तर अख्खा लॅपटॉप परत करा. करारातच ती मुभा त्यांना दिलेली आहे, हे मी नंतर वाचलं.

नागपुरात मिळतात का, हा तुमचा पुढचा प्रश्न. उबुंटूवाले डेल आपल्याकडे आले, डेलच्या वोस्ट्रो मॉडेलांत तर बरेच. पण दुकानात विचारा, काउंटरवर दिसत नाहीत. मागवून देतो म्हणतात आणि मधेच डॉसवाल्याकडे वळवतात. दुकानदाराला मी दोष देत नाही. उबुंटूवाला घेणारी दहातली नऊ माणसं घरी जाऊन चोरीचं विंडोजच टाकणार, हे त्याने इतकी वर्षं पाहिलंय. मागणी नाही म्हणून ठेवत नाही, ठेवत नाही म्हणून मागणी दिसत नाही. मी थांबा म्हणतो आणि तुम्ही थांबत नाही, यात तुमचंही बरोबर असेल. कॉलेज सुरू होतं तेव्हा कोण थांबतो. भाचीच्या वेळी मी तरी कुठे थांबलो?

मागच्या महिन्यात मी स्वतःसाठी एक घेतला, उबुंटू घातलेला. रामदासपेठेतल्या दुकानदाराने अठरा दिवसांनी आणून दिला. दुकानातच उघडला, झाकण मिटलं, मनात शंभर मोजले, उघडलं. वाय-फाय जागं होतं. बिल करताना म्हटलं, ओएसच्या जागी उबुंटू लिहा. त्याच्या बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोनच नावं होती, विंडोज आणि डॉस. तो म्हणाला, डॉस टाकतो, काय फरक पडते? मी म्हटलं, पडतो, सर्व्हिस सेंटरवाला हाच कागद पाहील. मग त्याने छापील 'डॉस'वर रेघ मारली, बाजूला पेनाने उबुंटू लिहिलं, सही केली आणि वर शिक्का मारला. शिक्का थोडा अक्षरांवर आलाय, पण वाचता येतं. भाची आता नोकरीला लागलीये आणि नवा लॅपटॉप पाहतेय. त्या बिलाचा फोटो काढून ठेवलाय, तिला अजून पाठवलेला नाही.