गाण्यांना चेहरा होता तेव्हा

२०२५ संपता संपता ब्रिटनमधल्या एमटीव्हीच्या निव्वळ गाण्यांच्या वाहिन्या बंद झाल्या आणि चाळिशी ओलांडलेल्या मंडळींनी जगभर गळे काढले. त्यांत मीही आलेच. गंमत अशी, की आमच्यापैकी बहुतेकांनी कित्येक वर्षांत गाण्यांची वाहिनी मुद्दाम लावलेली नव्हती. ज्या घरात वर्षानुवर्षं पाऊल टाकलं नाही, त्या घरच्या बाराव्याला जाऊन सगळ्यांत मोठ्यानं रडावं, तसला हा प्रकार.

बरं, रडायचं कशासाठी? गाणी कुठे गेलेली नाहीत. तेव्हाचा जवळजवळ प्रत्येक व्हिडिओ आज फोनवर आहे, हवा तेव्हा, हवा तितक्या वेळा. मग कुणीतरी हळवं होऊन म्हणतं, ‘पण वाट पाहण्यात मजा होती!’ हे मला मुळीच पटत नाही. वाट पाहण्यात कसली आलीय मजा? एका आवडत्या गाण्यासाठी दहा नावडती गाणी आणि शाम्पूच्या जाहिराती सोसायच्या. इतकं करून ते लागलं रे लागलं, की कुणाला तरी बातम्यांची आठवण व्हायची आणि रिमोट हातचा जायचा. व्हीसीआरवर टेप करायचं म्हटलं, तर गाणं ओळखून बटण दाबेपर्यंत सुरुवातीचा तुकडा निसटलेला, आणि शेवटचा व्हीजेच्या, म्हणजे गाण्यांच्या मधे बोलणाऱ्या निवेदकाच्या, बडबडीखाली गेलेला. माझ्याकडच्या टेपवर एकही गाणं अख्खं नव्हतं. तो काळ परत आणून दिला तर मी दोन दिवसांत कंटाळेन.

मला आठवते ती पट्टी. पडद्यावर खाली, डाव्या कोपऱ्यात, गाणं सुरू झालं की काही सेकंद यायची आणि संपताना पुन्हा एकदा. गाण्याचं नाव, त्याखाली गायकाचं किंवा बँडचं, मग अल्बम, मग कॅसेट कंपनी. मध्येच वाहिनी लावली आणि एखादं अनोळखी गाणं आवडून गेलं, तर त्या शेवटच्या पट्टीसाठी बसून राहणं भाग असायचं. वही-पेन जवळ असेल तर ठीक, नाहीतर वर्तमानपत्राच्या कडेला घाईघाईत खरडायचं. अक्षर असं, की नंतर दुकानदारालाच काय, मलाही लागू नये. गीतकाराचं नाव तिथे बहुधा नसायचंच. विविध भारतीच्या निवेदकांनी गीतकार-संगीतकार अदबीनं सांगायची सवय लावलेल्या देशात हा तसा उद्धटपणाच होता. पण त्याच पट्टीत आणखी एक नाव नसायचं, ते म्हणजे सिनेमाचं. कारण सिनेमाच नव्हता. गाणं होतं, गाणारा होता, आणि तेवढं पुरत होतं.

हे आपल्याकडे केवढं नवीन होतं, ते आज सांगावं लागतं. अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाली १ ऑगस्ट १९८१ ला, मध्यरात्र उलटल्यावर, चंद्रावर उतरणाऱ्या माणसाची दृश्यं दाखवून. पहिलंच गाणं लावलं ते व्हिडिओनं रेडिओचा तारा मारला असं सांगणारं, आगाऊपणाची हद्दच. पण तिकडे गायकाचा चेहरा आधीपासूनच ओळखीचा होता. आपल्याकडे गाणं म्हणजे सिनेमातलं गाणं. दूरदर्शनवरचं ‘छायागीत’ असो नाहीतर ‘चित्रहार’, आवाज एकाचा आणि ओठ दुसऱ्याचे, हा करार सगळ्यांना मान्य होता. १९९१ साली स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही आली, १९९४ मध्ये दोघांचं फाटलं, स्टारनं स्वतःची चॅनल व्ही काढली आणि एमटीव्ही १९९६ मध्ये नव्यानं परतली. दोन्हीकडे चोवीस तास भरायचे होते, आणि इंग्रजी गाण्यांवर हा देश फार काळ बसून राहणार नव्हता. ती जागा आयती सापडली ती गाणाऱ्यांना.

अलिशा चिनॉयचंच बघा. १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’त ती गायली होती, पण लोकांच्या डोळ्यांपुढे आली ती निळ्या साडीतली श्रीदेवी. आठ वर्षांनी, १९९५ मध्ये, ‘मेड इन इंडिया’ आलं. संगीत बिद्दूचं, व्हिडिओ केन घोषचा. त्यात अलिशा स्वतः राजकन्या होऊन बसलेली, एकेक इच्छुक नाकारणारी, आणि शेवटी मिलिंद सोमण. (मिलिंद सोमणबद्दल इथे अधिक लिहीत नाही. लेख लांबेल.) पण त्या झगमगाटातही गाणारी तीच होती आणि नकार देणारीही तीच. देखणा पुरुष दुसऱ्या क्रमांकावर, हीसुद्धा तेव्हा नवलाईच होती.

पुढच्याच वर्षी लकी अली आला. ‘ओ सनम’चा व्हिडिओ महेश मथाईनं इजिप्तमध्ये चित्रित केला होता. वाळवंट, जुन्या वास्तू, आणि त्यातून फिरणारा, कॅमेऱ्याची फारशी फिकीर नसलेला एक माणूस. आवाज घोगरा, किंचित चिरकणारा, सुरात असूनही सुराला लगटून न बसणारा. तेव्हाच्या कुठल्याही नायकाला हा आवाज दिला असता तर लोक हसले असते. त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावर मात्र तो चपखल बसला. १९९८ मध्ये सिल्क रूट या बँडनं ‘डूबा डूबा’ आणलं, चक्क पाण्याखाली, आणि त्यातला मोहित चौहान नावाचा मुलगा सगळ्यांना माहीत झाला. १९९९ मध्ये शुभा मुद्गल ‘अब के सावन’ घेऊन त्याच वाहिन्यांवर अवतरल्या. शास्त्रीय मैफिलीत ज्यांना ऐकायचं, त्या बाई पॉप व्हिडिओत! आमच्या घरी त्यावरून जे वाद झाले, त्यात दोन्ही बाजूंनी आवाज चढला होता, आणि गाणं लागलं की दोन्ही बाजू गप्प बसून ऐकत होत्या.

फाल्गुनी पाठकची तऱ्हा निराळी. तिच्या व्हिडिओत प्रेमकथा कुणा दुसऱ्याच मुलीची असायची आणि ही शर्ट-पँट घालून बाजूला उभी राहून गायची, एखाद्या सूत्रधारासारखी. त्या गोड मुलींची नावं लोकांना नंतर कळली. हिचं आधीपासून ठाऊक होतं. आणि आपलं ‘ऐका दाजिबा’ कसं विसरेन? वैशाली सामंत आणि अवधूत गुप्ते. पडद्यावर मिलिंद गुणाजी आणि इशिता अरुण, पुढे-मागे हिंदी आणि पंजाबी गाणी, आणि मधूनच ठसक्यात मराठी. ते लागलं की मी आवाज मोठा करायचे, शेजारच्यांनाही ऐकू जाईल इतका.

व्हीजेंबद्दल आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचं मत वाईट होतं. ‘ही पोरं धड इंग्रजी बोलत नाहीत, धड हिंदी बोलत नाहीत.’ खरंच होतं ते. रूबी भाटिया, ल्यूक केनी, सायरस ब्रोचा, निखिल चिनप्पा ही माणसं कॅमेऱ्याशी अशी बोलायची, की जणू आत्ताच शेजारच्या खोलीतून उठून आली आहेत. दूरदर्शनच्या निवेदकांकडे पाहताना आपोआप ताठ बसावंसं वाटायचं. इथे पाय वर घेतले तरी चालायचे. त्यात उधम सिंग, लोला कुट्टी, क्विक गन मुरुगन अशी काल्पनिक वल्ली. मुरुगनवर तर पुढे २००९ मध्ये अख्खा सिनेमाही निघाला.

सिनेमा. तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. निर्मात्यांच्या लक्षात आलं, की या वाहिन्या म्हणजे दिवसभराची जाहिरात आहे. प्रदर्शनाच्या आधीच नव्या चित्रपटांच्या गाण्यांचे तुकडे दिसायला लागले, आणि त्यांतल्या परदेशी बर्फापुढे, शेकडो नाचणाऱ्यांपुढे एकट्या गायकाच्या व्हिडिओचा खर्च किरकोळ दिसू लागला. मग जुन्या गाण्यांच्या रिमिक्सचा पूर आला, त्यात गायकाला विचारतो कोण. २००३ पासून एमटीव्हीवर ‘रोडीज’ हा रिअ‍ॅलिटी शो सुरू झाला आणि भांडणं गाण्यांपेक्षा जास्त बघितली जातात हे सिद्ध झालं. चॅनल व्हीनं २०१२ मध्ये गाणी सोडून मालिका धरल्या, आणि २०१८ मध्ये ती बंदच झाली. यूट्यूबला सगळे दोष देतात. ते आलं २००५ मध्ये. तोवर वाहिन्यांनी आपली वाट बदलायला सुरुवात केली होती.

आणि गाणारे? ते पडद्यामागे परत गेले. लकी अलीचा तोच चिरका आवाज २००० मध्ये ‘कहो ना प्यार है’त हृतिक रोशनच्या ओठांवर आला, आणि कुणी हसलं नाही. मोहित चौहान ‘रॉकस्टार’मध्ये रणबीर कपूरसाठी गायला. उत्तम गायला, पण गिटार रणबीरच्या हातात होती. पैसा मिळाला, नाव झालं, त्याबद्दल तक्रार करायला मी कोण? तरी त्यातलं गाणं लागलं की रणबीरला बाजूला करून माझे डोळे पाण्याखालच्या त्या मुलाला शोधतात.

या सगळ्यात एकच गडी कुणाला बधला नाही. दलेर मेहंदीची गाणी चालतात ती व्हिडिओतल्या सुंदर मुलींमुळे, असं लोक म्हणायला लागले. त्यावर त्यानं १९९८ मध्ये ‘तुनक तुनक तुन’ काढलं आणि त्यात मुलगी ठेवलीच नाही. स्वतःच चार झाला. चार रंगांचे चार झगे, चार पगड्या, मागे संगणकानं चिकटवलेले डोंगर, आणि चौघेही दलेर एकमेकांकडे बघून खूश. व्हिडिओ इतका बाळबोध आहे की त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पुढे एका अमेरिकी कंपनीच्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात शिंगं-शेपट्यांची एक जमात आली, तिच्यातले पुरुष नाचतात ते याच गाण्यातलं नाचतात. आणि सिनेमानं? सिनेमानं त्यालाही बोलावलं होतंच, १९९७ च्या ‘मृत्युदाता’साठी. पण तिथेही गडी दुसऱ्याच्या ओठांमागे उभा राहिला नाही. पगडीसकट, झग्यासकट पडद्यावर आला, आणि अमिताभ बच्चन त्याच्या शेजारी नाचला.