गाडीतळापर्यंत

माउलींची पालखी पुण्यात दोन रात्री मुक्कामाला असते आणि आमची तिच्याशी ओळख बरीच वर्षे फर्ग्युसन रस्त्याच्या कडेपुरतीच होती. रथ समोरून गेला की हात जोडायचे, मुलाला घोडा दाखवायचा, कोपऱ्यावर चहा घ्यायचा आणि घरी यायचे. त्या वर्षी पालखी पुण्याहून निघण्याचा दिवस रविवारी आला. आदल्या रात्री जेवताना सासूबाई म्हणाल्या, "उद्या पुलगेटला पालखीत शिरू आणि गाडीतळापर्यंत चालून येऊ. दीड-दोन तासांचं काम आहे." हडपसरच्या गाडीतळावरून परतीची बस मिळते, त्यामुळे नवरा लगेच तयार झाला. तेरा वर्षांच्या मुलाला मात्र रविवारी पहाटे उठवले जाणार, एवढेच त्यातून कळले.

सासूबाईंचे माहेर तरडगावजवळचे. लोणंदहून फलटणकडे जाणारी पालखी त्यांच्या लहानपणी शेताच्या बांधावरून दिसे, आणि चांदोबाच्या लिंबाजवळचे पहिले उभे रिंगण त्यांनी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेले आहे. लग्न होऊन त्या पुण्याला आल्या. संसार, नोकरी, मग नातवंड, या सगळ्यात वारी चालण्याचे राहूनच गेले. हे त्यांनी आम्हाला कधी तक्रारीच्या सुरात सांगितलेले नव्हते. त्यामुळे त्या सकाळी त्या खांद्याला कापडी पिशवी अडकवून दारात उभ्या राहिल्या आणि नातवाने ती घेऊ का विचारल्यावर "राहू दे, हलकी आहे" म्हणाल्या, तेव्हा आमच्यापैकी कोणालाच त्यात काही वावगे वाटले नाही. आमच्याकडे पाण्याची एक बाटली, एक छत्री आणि अर्धवट चार्ज झालेले दोन फोन होते.

पुण्याहून सासवडला निघण्याचा दिवस साधारणपणे ज्येष्ठ वद्य एकादशीचा असतो. म्हणजे आळंदी ते पंढरपूर या सुमारे अडीचशे किलोमीटरच्या वाटेवरचा सर्वांत दमवणारा टप्पा, तीस किलोमीटरच्या आसपासचे अंतर आणि वर दिवे घाट, हे सगळे लोक उपवासाच्या पोटी पार करतात. पुलगेटला आम्ही शिरलो तेव्हा सात वाजले होते आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना केळी, राजगिऱ्याचे लाडू आणि साबुदाण्याची खिचडी यांचे वाटप सुरू होते. पुणेकरांच्या दातृत्वाबद्दल माझी तक्रार नाही, पण कागदी द्रोणांचा आणि पाण्याच्या पेल्यांचा जो खच पायांखाली येत होता, तो पाहता वाटणाऱ्या प्रत्येक मंडळाने एक माणूस वाढायला आणि दोन माणसे उचलायला ठेवावीत असे वाटले. एका हौशी कार्यकर्त्याने आम्हालाही 'घ्या माउली' म्हणून लाडू दिले, आणि कालपर्यंत कडेला उभ्या राहणाऱ्या मला ते हातात घेताना थोडे ओशाळल्यासारखे झाले.

बाहेरून पाहताना वारी म्हणजे एक मोठी गर्दी वाटते. आत चालू लागल्यावर तासाभरात कळते की ही गर्दी नव्हे, रांग आहे, आणि प्रत्येकाला आपली जागा ठाऊक आहे. रथाच्या पुढे सत्तावीस दिंड्या क्रमांकाने चालतात, मागे त्याहून कितीतरी अधिक. प्रत्येक दिंडीत आधी पताकावाले, मग टाळकरी, मध्ये मृदंग, त्यांच्यामागे विणेकरी आणि नंतर डोक्यावर तुळस घेतलेल्या व इतर स्त्रिया. सकाळी कोणते अभंग, दुपारनंतर कोणते, हेही ठरलेले. आम्ही नकळत एका दिंडीच्या मधोमध शिरलो होतो. तेव्हा एका टाळकऱ्याने टाळ न थांबवता, नुसत्या डोळ्यांनी आम्हाला कडेची वाट दाखवली. तिथून आम्ही शहाण्यासारखे कडेने चालू लागलो आणि परभणीकडच्या एका दिंडीतल्या मावशींच्या सोबतीला लागलो. सासूबाईंनी त्यांना पेरणीचे विचारले. "पोराच्या भरवशावर सोडून आले, माय. पाऊस पडंल तवा पेरंल," एवढे बोलून त्या पुन्हा अभंगात मिसळल्या.

गाडीतळावर रस्ता फुटतो. तुकोबांची पालखी सरळ सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला जाते आणि माउलींची उजवीकडे सासवड रस्त्याला वळते. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये ज्ञानोबा आणि तुकोबा या दोघांच्या पादुका एकाच पालखीत ठेवून हा सोहळा सुरू केला. पुढे १८३२ मध्ये हैबतबाबा आरफळकरांनी माउलींची पालखी स्वतंत्र केली, आणि तिला दिंड्यांची शिस्त व भजनाचा क्रम लावून दिला, असे मानले जाते. आजही त्या दोन पालख्या हडपसरपर्यंत एकाच रस्त्याने येतात आणि इथे वेगळ्या होतात. आमच्याही कुटुंबाची फाटाफूट नेमकी इथेच झाली. नवरा बसथांब्याकडे वळला, मुलगा त्याच्यामागे. सासूबाई मात्र उजवीकडे चालतच राहिल्या.

"आई, थांबा या बाजूला आहे," नवरा ओरडला.

"एवढं आलोच आहोत तर वडकीपर्यंत जाऊ. घाट लांबून तरी बघू," त्या मान न वळवता म्हणाल्या.

फुरसुंगी आणि उरुळी देवाची यांच्या दरम्यानचा रस्ता सपाट आणि उघडा आहे, आणि त्याबद्दल सांगण्यासारखे फारसे काही नाही. पाऊस नव्हता, ढग नुसतेच अंगावर आल्यासारखे दाटलेले होते आणि कोंदट उकाडा होता. मुलाच्या नव्या बुटांनी टाच सोलली. मावशींनी पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढून त्याला टाचेवर लावायला दिले आणि बूट काढून हातात घ्यायला सांगितले. त्या स्वतः अनवाणीच होत्या.

वडकीला घाटाच्या पायथ्याशी विसावा झाला. एव्हाना परत जायला वाहन मिळण्याची शक्यता संपली होती, कारण आमच्या मागे सासवड रस्त्यावर माणसांखेरीज काही नव्हते आणि घाट वाहनांना बंद होता. या दिवशी वाहने बोपदेव घाटाकडे वळवतात, ही प्रत्येक पुणेकराला ठाऊक असलेली गोष्ट आम्हा तिघांनाही सकाळी आठवली नव्हती. सासूबाईंना आठवली होती की नाही, ते विचारायचे मी टाळले. "एवढं आलोच आहोत तर," त्यांनी सुरुवात केली आणि पुढचे वाक्य नवऱ्यानेच पूर्ण केले.

दिवे घाटाची चढण चार-पाच किलोमीटरची आहे. मोटारीतून आम्ही ती अनेकदा चढलो होतो आणि वळणांना कंटाळलोही होतो. पायी चढताना तीच वळणे उपकारक ठरतात, कारण प्रत्येक वळणावर आपण किती वर आलो हे दिसते. खाली वडकीजवळ मस्तानी तलावाचे दगडी काठ आणि त्याच्या बाजूने सासवड रस्त्यावर मागे हडपसरच्या दिशेने न संपणारी पांढरी रेघ. वर पाहावे तर तशीच रेघ डोंगराला गुंडाळलेली. डोंगराच्या उतारावर बघ्यांची दाटी होती, कित्येकांच्या हातांत फोन उंचावलेले, आणि दोन वर्षांपूर्वी आम्हीही तिथेच कुठेतरी उभे होतो. रथाला घाटात जादा बैलजोड्या जुंपतात. त्या जोड्या वळणावर ताणून ओढ घेत असताना आजूबाजूचे टाळ इतके जलद झाले की मुलाने दुखरी टाच विसरून कुंपणाच्या दगडावर चढून त्या बघितल्या. मध्येच बारीक सर आली. कोणी थांबले नाही. प्लॅस्टिकचे कागद डोक्यावर आले, तुळशीची वृंदावने मात्र उघडीच राहिली, आणि एका वळणावर सत्तरीच्या दोन बायकांनी फुगडीसाठी हात धरले. सासूबाई ती फुगडी पाहत उभ्या राहिल्या. गुडघ्यांनी परवानगी दिली असती तर त्यांनी पदर खोचला असता, हे मला त्यांच्या उभे राहण्यावरून कळले. पुढचा अर्धा घाट त्या काही बोलल्या नाहीत.

झेंडेवाडीला पठारावर पोहोचलो तेव्हा माझ्या पोटऱ्या लाकडासारख्या झाल्या होत्या. तिथून सासवड जवळ आहे असे सगळे सांगतात. ते खरे नाही. अंधार पडता पडता आम्ही पालखीतळावर आलो आणि तिथे मी वारीतला सर्वांत विलक्षण प्रकार पाहिला. सर्व दिंड्या पालखीभोवती गोलाकार उभ्या राहिल्या. हजारो टाळ एकाच वेळी वाजत होते, शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नव्हते. मग चोपदारांनी हातातला चोप उंचावला आणि क्षणात सगळे टाळ थांबले. सगळे म्हणजे जवळजवळ सगळे. उजवीकडच्या एका दिंडीचे टाळ वाजतच होते. मला वाटले, त्यांना चोप दिसला नसावा. मावशींनी सांगितले की ज्या दिंडीची काही तक्रार असते, ती टाळ थांबवत नाही. मग चोपदार तिथे जाऊन गाऱ्हाणे ऐकून घेतात, त्यानंतर ते टाळ थांबतात. तसेच झाले. त्यानंतर सापडलेल्या आणि हरवलेल्या वस्तू पुकारण्यात आल्या, पुढच्या वेळा सांगण्यात आल्या आणि मग समाजआरती झाली. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत दरवर्षी जे घडते ते मला या वेळी आठवल्यावाचून राहिले नाही. मुलाने शाळेसाठी टाळ मिळतील का, असे विचारले.

राहण्याची सोय अर्थातच नव्हती. परभणीच्या दिंडीला एका शाळेचा वर्ग मिळाला होता, आणि विणेकरीबुवांनी आमच्याकडे एकदा पाहून "चौघेच ना?" एवढेच विचारले. दिंडीचा ट्रक आधीच पोहोचला होता. भगर आणि शेंगदाण्याची आमटी तयार होती. आम्ही पैसे पुढे केले तेव्हा बुवांनी हात जोडले. सासूबाईंनी मात्र त्यांच्याशी बाजूला जाऊन काही बोलणे केले आणि एका मुक्कामाची भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणखाणाची वर्गणी, म्हणून ते त्यांच्या हाती ठेवलेच. सतरंजीवर चौघे आडवे पडलो. फळ्यावर कोणाचा तरी भागाकार अर्धवट राहिला होता. उद्याची शाळा बुडणार हे नक्की झालेल्या माझ्या मुलाने रात्र दुसऱ्याच शाळेत काढली.

पहाटे चारला सगळे उठले. स्वच्छतागृहाची रांग, टँकरखालच्या अंघोळी, काळोखात चिखलातून चपला शोधणे, याला रम्य म्हणता येणार नाही आणि मी म्हणणारही नाही. तीनशेजणांच्या गर्दीत साडी बदलणाऱ्या बायकांनी एकमेकींना पदराचा आडोसा कसा धरला, ते मात्र लक्षात राहिले. मी नळावर बोटाने दात घासत असताना सासूबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी कापडी पिशवीतून टूथब्रश काढला. मग रक्तदाबाच्या गोळ्यांचे पाकीट. मग घडी घातलेले लुगडे. माझी नजर त्यांच्या लक्षात आली.

"हलकी होती," त्या म्हणाल्या आणि दात घासू लागल्या.

द्वादशीला माउली सासवडलाच मुक्कामी असतात आणि त्याच दिवशी सोपानकाकांची पालखी इथून पंढरपूरला निघते. ज्ञानेश्वरांनी शके १२१८ मध्ये आळंदीला समाधी घेतली आणि महिनाभराने, मार्गशीर्षात, धाकट्या भावाने सासवडला. कऱ्हेकाठच्या त्या मंदिरात दर्शनाच्या रांगेत आम्ही दोन तास उभे होतो. समाधीपाशी मिळाला तो अर्धा मिनिट. मुलाला एकच प्रश्न पडला होता, की भाऊ दाराशी आलेला असताना सोपानकाका त्याच्याबरोबर का जात नाहीत, वेगळ्या वाटेने का निघतात. त्याच्या वडिलांनी मार्गांचा आणि मुक्कामांचा काही खुलासा केला. आजीने सांगितले, "वाखरीला भेटतात की सगळे. मुक्ताबाईसुद्धा येते, तीही मुक्ताईनगरहून." शेतकऱ्याच्या घरात जत्रेला कोण कुठून येणार आहे हे सांगावे, तसा त्यांचा स्वर होता.

दुपारी दिंडीत बारस सोडली. भाकरी, पिठले, भात आणि गुळाचा खडा. मावशींनी सासूबाईंना आपल्या डोक्यावरची तुळस थोडा वेळ धरायला दिली आणि आम्ही कोणीही त्याचा फोटो काढला नाही, कारण दोन्ही फोन बंद पडले होते.

घाट वाहतुकीला खुला झाल्याचे कळले आणि आम्ही बसस्थानकावर आलो. पुण्याची गाडी भरलेली होती, दुसरीची वाट पाहत बाकावर बसलो. नवरा सोमवारच्या बुडालेल्या कामाचा हिशेब करत होता. सासूबाई बोटांवर वेगळाच हिशेब करत होत्या. उद्या जेजुरी, परवा वाल्हे, मग नीरा ओलांडून लोणंद.

"अरे," त्या मुलाला म्हणाल्या, "स्वारगेटहून लोणंदला सकाळी गाडी असते का रे?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्या पिशवीकडे पाहिले.