तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या दारावर ‘थांब’ का?

घोडबंदर रोडवरच्या आमच्या ज्येष्ठांच्या वसाहतीत कोणी पहिल्यांदा आलं की माझ्या दाराशी घुटमळतं. नावाच्या पाटीखाली एकच शब्द आहे: ‘थांब’. मग हमखास प्रश्न येतो, “आजी, या वयात वर्षाचा शब्द वगैरे कशाला?”

वर्षाला नाव असणं आपल्याला नवं नाही. पंचांगात साठ संवत्सरं ओळीनं फिरतात. २०२५च्या पाडव्याला शके १९४७ लागलं, ते विश्वावसू. इथल्या बहुतेकांचा साठांचा एक फेरा पुरा झालाय. पण ते नाव सगळ्यांचं. आम्ही त्याच दिवशी, गुढी उभारून कडुनिंब-गूळ खाल्ला की, वर्षभर दारावर लावायला ज्याचा त्याचा शब्द निवडतो. आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका तो पुठ्ठ्यावर लिहून देतात. त्यांच्या ‘थ’ची गाठ बघत राहावी अशी असते.

पहिल्या वर्षी मी ‘समाधान’ घेतला होता. वर्षभर दारावर लटकला, पण सकाळी उठून त्याचं करायचं काय, ते काही मला कळलं नाही. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, क्रियापद घ्या, आणि तेही आज्ञार्थी.

मग एका भाद्रपदात पहाटे पलंगावरून उठले ती तडक चालू लागले. डोळ्यांपुढे अंधारी आली, कपाट धरून कशीबशी खाली बसले. डॉक्टरांनी समजावलं: झोपलेलं माणूस एकदम उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं, रक्तदाब घसरतो. तरुण शरीर ते लगेच सावरतं, आपल्याला वेळ लागतो. आधी कडेला बसा, पावलं हलवा, मिनिटभरानं उठा. ठाण्याहून सकाळची फास्ट पकडत नोकरी केलेल्या बाईला ते मिनिट फार जड जातं हो! पुढच्या पाडव्याला ‘थांब’ घेतला. आता टाचा वर-खाली करताना तोच पुटपुटते.

शब्द दारावर असल्यामुळे तो सगळ्यांना ठाऊक असतो, हे मला फार मोलाचं वाटतं. जिन्यावर मी घाई केली की खालून वॉचमन हाक मारतो, “आजी, थांबा!”

समोर निवृत्त मोटरमन राहतात. पक्षाघातानंतर त्यांना शब्द सापडायला वेळ लागतो. त्यांचा शब्द ‘सांग’. पूर्वी ते “बो... बो...” करू लागले की मीच विचारायची, “बोट? बोरिवली?” आणि ते मान फिरवून गप्प व्हायचे. ते आठवलं की आजही मला वाईट वाटतं. एका दुपारी ठरवलं, आज मधे बोलायचं नाही. चहावर साय धरली. त्यांचा उजवा हात टेबलावर पुढे-मागे सरकत होता, जणू हँडल धरलंय. खूप वेळानं शब्द आला: “बोगदा.” पारसिकचा! कळवा-मुंब्र्याच्या मधला, १९१६ सालचा, सव्वा किलोमीटरहून लांब. त्यातून त्यांनी वर्षानुवर्षं गाडी नेली, आणि मी त्याच गाड्यांतून कल्याणला बहिणीकडे जायची.

तेव्हापासून रोज दुपारी थोडं थोडं ऐकते. या पाडव्याला बाईंनी नवा शब्द विचारला, तर म्हटलं, हाच राहू दे. गाडी अजून बोगद्यात आहे, मुंब्रा यायचंय.