चुकलं कुठे, ते पान

मंगळवार, रात्री उशिरा

‘मस्त आहे, एका बैठकीत संपवलं.’ आवडत्या पुस्तकाबद्दल बहुतेक वेळा एवढंच ऐकू येतं. एका बैठकीत टुकार पुस्तकंही संपतात. आवडलं म्हणजे नेमकं कुठल्या पानावर आवडलं, हे सांगता आलं तर ती दाद.

रहस्यकथेची दाद दुसऱ्या वाचनाआधी देऊच नये. खुनी कोण ते आता ठाऊक असतं. बघायचं एवढंच, की ते आपल्याला आधी कुठे सांगितलं होतं. शेवटच्या प्रकरणात गुप्तहेर जी कारणं देतो ती मोजायची. समजा सात निघाली. मग पहिल्या पानापासून सुरुवात करायची आणि प्रत्येक कारणाचं मूळ सापडलं की त्या पानाचा आकडा मागच्या कोऱ्या पानावर टिपायचा. पेन्सिल मऊ हवी, २बी चालते. टोकदार, कडक शिसाचा दाब मागच्या बाजूला उमटतो आणि खोडलं तरी चर राहतो. चिकट चिठ्ठ्या तर वर्षानुवर्षं पुस्तकात ठेवूच नयेत, त्यांचा गोंद कागदावर राहतो.

सातपैकी सात पानं सापडली तर लेखक प्रामाणिक. एखादं कारण शेवटच्या प्रकरणातच उगवलेलं असेल, तर पहिल्या वाचनात बसलेला धक्का फुकटचा होता. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातले काही आज हास्यास्पद वाटतात, पण दोन अजून घट्ट उभे आहेत: गुन्हेगार कथेत लवकर दिसला पाहिजे, आणि गुप्तहेराच्या हाती लागलेला धागा वाचकापासून लपवता कामा नये. हे मोडले की वाचक चिडतो, आणि बरोबरच चिडतो.

उघड्यावर ठेवूनही न दिसावं, याच्या जागा ठरलेल्या आहेत. यादीचा मधला भाग ही त्यातली सर्वांत जुनी. टेबलावर चष्मा, दोन पत्रं आणि थांबलेलं घड्याळ. घड्याळ शेवटी आलं म्हणून आपण त्याला धरून बसतो; त्या दिवशी टपालाने पत्र एकच आलं होतं, हे विसरून जातो. दुसरी जागा बडबड्या पात्राच्या तोंडी. त्याचं बोलणं आपण चाळतो. मला सर्वांत आवडते ती तिसरी. गोष्ट खरी सांगायची आणि लगेच तिचा चुकीचा अर्थ कुणाच्या तरी तोंडी घालायचा. पायऱ्या ओल्या आहेत. ‘रात्री पाऊस झाला ना,’ असं कुणीतरी म्हणतं. अंगण कोरडं आहे, हेही त्याच परिच्छेदात लिहिलेलं असतं.

छंदाच्या पुस्तकाचं काम अगदी उलटं, तिथे लक्ष चुकू नये म्हणून मेहनत घ्यायची. परीक्षा मात्र तीच. वाचकाचं चुकलं, तर ते कुठे चुकलं हे पानावर बोट ठेवून दाखवता येतं का?

कागदाच्या घड्यांचं, म्हणजे ओरिगामीचं पुस्तक घ्या. तुटक रेघ म्हणजे आतली घडी, रेघ-टिंब म्हणजे बाहेरची. ही बाणांची आणि रेघांची लिपी जपानी ओरिगामी कलाकार अकिरा योशिझावाने १९५०च्या दशकात रुळवली, आणि तिच्यामुळेच जपानी न येणाऱ्याला जपानी पुस्तकातून कागदी क्रौंच पक्षी करता येतो. क्रौंच बहुतेकांचा अडतो तो एकाच जागी. चार पदरी चौकोन झाला, दोन्ही कडा मधल्या रेघेला टेकवून घडी पाडली, वरचं त्रिकोणी टोक खाली दुमडलं, सगळं परत उघडलं. आता खालच्या टोकाचा फक्त वरचा पदर उचलून वर न्यायचा. घड्या आधी नीट पाडलेल्या असतील तर दोन्ही कडा आपसूक आत मिटतात. हे वाचायला सोपं आहे. पण चौकोनाचं मोकळं टोक खाली नसेल, बंद टोक असेल, तर उचलायला पदरच सुटा मिळत नाही. म्हणजे अडलं इथे, चुकलं मात्र दोन-तीन चित्रं आधीच. चांगलं पुस्तक त्या आधीच्या चित्राशीच ‘मोकळं टोक खाली’ असं लिहितं, आणि उचलण्याच्या पायरीला एक जादा चित्र देतं, कागद अर्धवट हवेत असतानाचं. कंजूष पुस्तक तेच एका चित्रात चार बाण कोंबून उरकतं. त्या अर्धवट चित्रासाठी मी पुस्तकाला वरचा क्रमांक देते.

पावाच्या पुस्तकांतही असंच. ‘४ कप मैदा, ३२५ मिली पाणी’ असं लिहिलेलं पुस्तक खाली ठेवावं. हलक्या हाताने भरलेल्या कपात १२० ग्रॅम मैदा बसतो, दाबून भरला तर १५०. चार कपांत ४८० की ६००? पहिल्यात पाणी मैद्याच्या ६८ टक्के पडतं, दुसऱ्यात ५४. एक गोळा हाताला चिकटतो, दुसरा मळताना मनगट दुखवतो, आणि वाचक स्वतःला दोष देत बसतो. ‘एक तास फुगू द्या’ हेही अर्धंच. २० अंशांच्या खोलीत तासाभराने गोळा जेमतेम हललेला असतो, ३० अंशांत तो फुगून वर आलेला असतो. ‘दुप्पट होईपर्यंत, साधारण तासभर’ हे पूर्ण वाक्य.

विज्ञानकथेला माझी कसोटी छोटी आहे: नवं यंत्र आल्यावर भांडी घासणाऱ्याचा दिवस बदलला का? फक्त शास्त्रज्ञाचाच बदलला असेल तर कल्पना अर्ध्यावर सोडलेली आहे. भयकथेचं मला नीट जमत नाही, त्यामुळे गप्प.

बांधणीबद्दल मात्र बोलायला हवं. कादंबरी गोंदाने चिकटवलेली असली तरी चालते, ती हातात धरूनच वाचतात. पण दोन्ही हात पिठात असताना पुस्तक स्वतःहून उघडं राहायला हवं, आणि त्यासाठी फर्मे, म्हणजे पानांच्या दुमडलेल्या गड्ड्या, दोऱ्याने शिवलेले लागतात. ओळखायचं कसं? पुस्तक वरून, कण्याच्या बाजूने बघायचं. शिवलेल्यात या गड्ड्या वेगवेगळ्या दिसतात. चिकटवलेल्यात सगळी सुटी पानं एका सपाट थरात. असलं पुस्तक जबरदस्तीने पालथं उघडलं की तिथेच गोंद तडकतो, आणि मग नेमकं हवं तेच पान गळतं.

छापील चुकांचीही नोंद करायला हवी. कथेत चुकलेलं अक्षर वाचक मनात दुरुस्त करतो. मापातला आकडा चुकला तर हात तोच पाळतो. पावात मीठ मैद्याच्या साधारण २ टक्के, म्हणजे ५०० ग्रॅमला १० ग्रॅम. माझ्याकडच्या पावाच्या पुस्तकात पान ६२ वर ‘१००’ छापलंय. शेवटच्या शून्यावर पेन्सिलीची काट, बाजूला आजची तारीख.