क्रूझवरचे जेवण आणि ‘पैसे वसूल’ करण्याची घाई

सिंगापूरहून निघून मलेशियातले पिनांग आणि थायलंडमधले फुकेत करून परत येणारी क्रूझ आता मराठी कुटुंबांच्या सहलींत चांगलीच रुळली आहे. या क्रूझवरून आलेली माणसे समुद्राविषयी दोन वाक्ये बोलतात आणि जेवणाविषयी वीस. आम्ही गेलो तेव्हा माझ्या रक्ततपासणीत एचबीएवनसीचा, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा, आकडा ६.१ टक्के आलेला होता. ५.७ ते ६.४ या टप्प्याला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात, त्यामुळे औषध नव्हते, पण खाण्यावर लक्ष ठेवण्याची सक्त ताकीद होती. म्हणून निघण्याआधी ओळखीच्या बऱ्याच जणांना मी एकच प्रश्न विचारला, की जहाजावर पथ्य सांभाळता येते का. आणि जवळपास सगळ्यांचे उत्तर हसण्यावारी नेणारे होते. माझे मत आता असे झाले आहे, की ते सांभाळता येते आणि त्यासाठी फार मोठा मनोनिग्रहही लागत नाही. जहाजावर माणूस हावरटपणामुळे जितके खातो त्याहून जास्त हिशेबामुळे खातो, आणि तो हिशेबच मुळात चुकीचा मांडलेला असतो.

आमच्या गटात हा हिशेब सर्वांत मोकळेपणाने माझ्या दिरांनी मांडला. पहिल्याच दुपारी माझी अर्धी रिकामी प्लेट पाहून ते म्हणाले, “वहिनी, एवढे पैसे भरलेत, खा की नीट!” आता या तिकिटात नेमके काय असते ते पाहिले पाहिजे. मुख्य डायनिंग रूममधील जेवण, वरच्या मजल्यावरचा बुफे, तरणतलावाशेजारचे बर्गर-फ्राइज, रात्री उशिरापर्यंत मिळणारा पिझ्झा हे सारे साधारणपणे तिकिटातच येते. खास रेस्टॉरंटे, मद्य आणि बहुतेक जहाजांवर बाटलीबंद पेयेही वेगळ्या पैशांची असतात. म्हणजे जे ‘फुकट’ वाटते ते बंदर सोडण्यापूर्वीच विकत घेऊन झालेले असते. तुम्ही चार गुलाबजाम खाल्लेत म्हणून तिकीट स्वस्त होत नाही आणि एकही खाल्ला नाहीत म्हणून कुणी पैसे परत करत नाही. गेलेला पैसा पोटाच्या मार्गाने परत मिळत नाही, इतकी साधी गोष्ट आहे ही. पण बुफेच्या दारात ती आठवत नाही.

त्यात भर पडते ती आपल्या दुसऱ्या संस्काराची. पानात काही टाकायचे नाही, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते आणि ते योग्यच आहे. मात्र ‘पैसे वसूल’ आणि ‘पानात टाकायचे नाही’ हे दोन्ही एकाच वेळी बुफेपाशी पोहोचले की पहिला प्लेट भरायला लावतो आणि दुसरा ती संपवायला लावतो. बुफेवरच्या प्लेटा लंबगोल आणि ऐसपैस असतात, त्या भरलेल्या दिसायला बरेच काही वाढून घ्यावे लागते. मी त्याऐवजी गोड पदार्थांसाठी ठेवलेली लहान बशी उचलत असे आणि उचलण्यापूर्वी रिकाम्या हातांनी एकदा सगळी काउंटरे फिरून येत असे. या फेरीत कळते, की निम्म्याहून अधिक पदार्थ आपल्याला खरे तर नकोच असतात. दाराजवळच्या पावांचा आणि नूडल्सचा वास आधी येतो म्हणून त्यांनी प्लेट भरते, आणि भाजलेली मासळी, वाफवलेली भाजी व फळे आत कोपऱ्यात असल्याने त्यांच्या वाट्याला जागा उरत नाही.

तरीही सर्वांत मोठा फरक बुफे नीट वापरल्याने पडला नाही. रात्रीसाठी तो सोडून दिल्याने पडला. पंगतीत वाढणारा पुढे जातो, आपण उठतो आणि जेवण संपते. बुफेला असा शेवटच नसतो. डायनिंग रूममध्ये तो शेवट परत मिळतो. तिथे छापील मेनू हातात येतो, आधी सूप किंवा सॅलड, मग मुख्य पदार्थ, मग गोड, असा क्रम असतो आणि प्रत्येक पदार्थाचे माप बेताचे असते. सगळे मिळून तास-दीड तास लागत असल्याने पोट भरल्याची जाणीव व्हायला पुरेसा अवधीही मिळतो. आमच्या टेबलाचा वेटर रोज तोच असे. पहिल्या रात्री मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या: सॉस वेगळ्या वाटीत हवा, बटाट्याऐवजी वाफवलेली भाजी हवी आणि गोडाच्या जागी फळे चालतील. दुसऱ्या रात्री मला काहीच सांगावे लागले नाही. लिंबाची फोड आणि सॉसची इवलीशी वाटी माशाशेजारी आधीच ठेवलेली होती. ज्यांना खरोखरीचे पथ्य आहे, एखाद्या पदार्थाची ॲलर्जी आहे किंवा जैन जेवण हवे आहे, त्यांनी मात्र ते तिकीट काढतानाच लिहून कळवावे. पुष्कळ जहाजांवर अशा प्रवाशांना दुसऱ्या दिवशीचा मेनू आदल्या रात्री दाखवून त्यांच्या सोयीने बदल करून देतात.

डायनिंग रूमची वेळ निवडताना एक गोष्ट लक्षात घ्यावी, जी आम्हाला कुठल्याच माहितीपत्रकात सापडली नव्हती. सिंगापूरचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास असते. तिथल्या संध्याकाळी सहाची जेवणाची बैठक घेतली, तर आपल्या पोटाच्या दृष्टीने साडेतीन वाजलेले असतात. भूक नसते, पण जेवण समोर येते. मग जहाजावर रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा घरी साडेआठ झालेले असतात, म्हणजे नेमकी आपली जेवायची वेळ, आणि पोट प्रामाणिकपणे आठवण करून देते. रात्री अकराला पिझ्झाच्या काउंटरवर जी आपली मंडळी दिसतात, त्यांच्यातील निम्म्यांना तरी खरोखरच भूक लागलेली असते. म्हणून उशिराची, आठच्या सुमाराची बैठक मिळत असेल तर तीच घ्यावी. टूर कंपन्या सगळ्या गटाला बऱ्याचदा पहिल्या बैठकीत बसवतात, कारण त्यानंतरचा नाट्यगृहातला कार्यक्रम सोयीचा पडतो. टूर मॅनेजरला वेळेवर सांगितले तर बदल होऊ शकतो.

आता जरा नाजूक विषयाकडे येते, तो म्हणजे भारतीय काउंटर. परदेशी जहाजावर डाळ-भात दिसला की जीव भांड्यात पडतो, हे खरे. सिंगापूरहून सुटणाऱ्या मोठ्या जहाजांवर भारतीय शाकाहारी जेवण आता अगदी सहज मिळते आणि मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे जाणाऱ्या कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या जहाजावर तर ते मुख्य जेवणच असते. पण आपले म्हणून जे तिथे मांडलेले असते ते घरचे जेवण नसते, ते लग्नाच्या हॉलमधले जेवण असते: पनीर मखनी, जिरा राइस, नान, मलईतली कोफ्ता करी, बटाट्याची कुठली तरी भाजी आणि शेवटी गुलाबजाम. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मुगाची उसळ यांतले काही तिथे नसते. शाकाहारी माणसाचे ताट अशा वेळी भात, मैदा आणि बटाटा यांनीच भरते, प्रथिने पनीरच्या चार तुकड्यांवर येऊन थांबतात आणि तरीही खाणाऱ्याला वाटते, की आपण साधेच जेवलो. माझ्या जाऊबाई शुद्ध शाकाहारी आहेत. त्यांनी शेवटी जो मार्ग काढला तो मला फार आवडला: सॅलडच्या काउंटरवरून उकडलेले छोले आणि राजमा, काकडी, टोमॅटो, बिनगोडाचे दही, भारतीय काउंटरवरून फक्त डाळ, तीही वाटीत, आणि सोबत एकच पोळी. म्हणजे विदेशी काउंटरवरच्या कच्च्या मालातून त्यांनी आपले घरचे ताट जमवले. मासे आणि अंडी खाणाऱ्यांची तर तिथे चैनच आहे. सकाळी समोर बनवून मिळणारे भाज्यांचे ऑम्लेट हा माझ्या मते जहाजावरचा सर्वांत उत्तम पदार्थ आहे.

इतके जेवूनही पुन्हा खावेसे का वाटते, याचे एक शास्त्रीय कारण आहे. एका चवीचा कंटाळा आला तरी दुसऱ्या चवीची इच्छा शिल्लक राहते, हे संशोधक बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रयोगांतून दाखवले होते. आपण त्यालाच ‘गोडाला वेगळी जागा असते’ असे म्हणतो. पंचवीस काउंटरे म्हणजे अशा पंचवीस जागा. त्यामुळे मी विविधता जेवणागणिक ठेवली, एका जेवणात नाही: आज थाई, उद्या भारतीय, परवा इटालियन. तलावाशेजारचे फ्राइज, कुकीज, यंत्रातून येणारे आइसक्रीम यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी केलेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला या संदर्भात नेहमी आठवतो. त्यात २० प्रौढांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे अन्न, हवे तितके खाण्याच्या मुभेसह देण्यात आले. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर असताना त्यांनी दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. हवे तितके खाण्याची मुभा हीच तर क्रूझची जाहिरात असते.

आमच्या गटात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोन वेळांची पद्धत पाळणारे एक जोडपे होते. दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवायचे आणि मध्ये काही खायचे नाही, ही ती पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. अमर्याद बुफेसमोर ५५ मिनिटे म्हणजे मोकळे रान, अशी त्यांची थट्टा झाली, पण मला ती थट्टा पटली नाही. जहाजावर बिघडते ते मधल्या वेळांमुळे: अकराचा केक, चारच्या चहाबरोबरचे सँडविच, मध्यरात्रीचा पिझ्झा. या सर्वांना ‘आता वेळ नाही’ असे एकच उत्तर देता येणे ही मोठी सोय आहे. मी स्वतः तीन वेळा जेवले, पण मधल्या वेळा त्यांच्याइतक्याच कडकपणे बंद ठेवल्या. जे इन्सुलिन घेतात किंवा साखर एकदम खाली आणणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी मात्र जेवणाच्या वेळांत असले कोणतेही बदल डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत, आणि औषधे हातातल्या बॅगेतच ठेवावीत, कारण मोठे सामान केबिनपर्यंत पोहोचायला कधी कधी संध्याकाळ होते.

पेयांबद्दल थोडक्यात सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत असणे उत्तम. कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या एका कॅनमध्ये सुमारे ३५ ग्रॅम असते. न्याहारीच्या यंत्रातला ‘संत्र्याचा रस’ फार वेगळा नसतो. पेयांचे पॅकेज घेतले की पुन्हा तोच वसुलीचा हिशेब सुरू होतो आणि माणूस तहान नसताना पिऊ लागतो, म्हणून आम्ही ते घेतलेच नाही. मिठाकडेही लक्ष असावे, विशेषतः रक्तदाब असणाऱ्यांचे. सूप आणि सॉस यांत ते भरपूर असते. आणि बुफेत शिरताना हात साबणानेच धुवावेत, कारण जहाजांवर पोट बिघडवणाऱ्या नोरोव्हायरसवर नुसते सॅनिटायझर पुरेसे पडत नाही.

चालण्याची सोय जहाजावर शहरापेक्षा चांगली असते. आमच्या जहाजावर डायनिंग रूम चौथ्या डेकवर आणि बुफे चौदाव्या डेकवर होता. लिफ्टसमोर नेहमी गर्दी, त्यामुळे जिने वापरणे हे पुण्यकर्म न राहता वेळ वाचवण्याचा मार्ग झाले. रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटे उघड्या डेकवर फेऱ्या मारण्याचा नेम आम्ही सगळ्यांनीच केला. जेवणानंतर लगेच चालल्याने साखर कमी चढते आणि त्या वेळी वाराही सुरेख असतो. पहिल्या रात्री गुडघ्यांची तक्रार करणारे दीर पुढे आम्हाला बोलवायला येऊ लागले.

पिनांगच्या दिवशी मी नियम जरा सैल सोडला आणि तो जाणीवपूर्वक सोडला. तिथले जॉर्ज टाउन हे २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत असलेले शहर आहे आणि तिथे खायचे नाही म्हणजे तिथे जायचेच नाही. सकाळी जहाजावर अंडी आणि पपई एवढेच घेऊन उतरले, दोन-अडीच तास जुन्या गल्ल्यांतून पायी हिंडले आणि दुपारी आसाम लक्साचा वाडगा मागवला: माशाचा आंबट-तिखट रस्सा, जाड शेवया, वर पुदिना, अननस आणि काकडीची बारीक कीस. त्याला चिंचेचा आंबटपणा असतो, त्यामुळे कोकणी माणसाला तो चटकन जवळचा वाटतो. शाकाहारी मंडळींनी तिथल्या लिटल इंडियात इडली-डोसे खाल्ले. आमच्यापैकी काही जण मात्र जेवण ‘तिकिटात आहे’ म्हणून उन्हातून घाईने जहाजावर परतले आणि रोजच्याच बुफेत जेवले. जहाजावरची फळे बरोबर घेऊन खाली उतरण्याचा विचार कुणी करू नये. बंदरांवर त्याला सहसा परवानगी नसते.

शेवटच्या सकाळी बुफेवर सर्वाधिक गर्दी होते, कारण हे पुन्हा मिळणार नाही. खरे म्हणजे त्या दिवशी सिंगापूरला उतरून विमानतळ गाठायचा असतो, तासन्‌तास बसून राहायचे असते आणि विमानातही जेवण येणारच असते. मी ऑम्लेट आणि दही खाऊन उठले. विमानात मधुमेहींचे जेवण हवे असेल तर ते बहुतेक कंपन्यांकडे किमान चोवीस तास आधी नोंदवावे लागते. समुद्रावर इंटरनेटचे पैसे वेगळे पडतात, म्हणून ती नोंद मी पुण्याहून निघण्यापूर्वीच करून ठेवली होती.