काकांच्या निकॉन लेन्स, माझा सोनी कॅमेरा

साताऱ्यातल्या पोवई नाक्याजवळचा फोटो स्टुडिओ बंद करताना काकांनी निकॉनच्या दोन लेन्स माझ्या हातात दिल्या. एक ५० मिमी एफ १.८, दुसरी १०५ मिमी एफ २.५. दोन्ही धातूच्या, दोन्हींवर ॲपर्चरची, म्हणजे प्रकाश आत येण्याचं छिद्र लहानमोठं करण्याची रिंग. माझा कॅमेरा सोनीचा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, त्यामुळे या आता शोकेसमध्येच जाणार असं काकांनी धरलं होतं. तसं अजिबात नाही. ज्यांच्या कपाटात अशा लेन्स पडून आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

बघायचं ते लेन्स जिथं टेकते त्या कड्यापासून सेन्सरपर्यंतचं अंतर. निकॉनच्या एफ माउंटमध्ये (माउंट म्हणजे लेन्स बसवायची खाच) ते ४६.५ मिमी, कारण मधे आरसा हलायला जागा लागायची. सोनीच्या ई माउंटमध्ये आरसाच नाही, म्हणून १८ मिमी. फरक २८.५ मिमी. तेवढ्या लांबीची पोकळ नळी, म्हणजेच अडॅप्टर, मधे घातली की काम झालं. आत काच नाही, त्यामुळे लेन्सचा दर्जा जसाच्या तसा मिळतो.

कॅननच्या डीएसएलआरवर, म्हणजे आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर (४४ मिमी), याच निकॉन लेन्स अडीच मिमीच्या चकतीने बसतात. पण १९८७ साली कॅननने माउंट बदलला, आणि त्यांच्याच जुन्या एफडी लेन्स (४२ मिमी) तिथं सेन्सरपासून दोन मिमी लांब पडतात, म्हणून काचेच्या अडॅप्टरशिवाय लांबचं फोकस करू शकत नाहीत. घरची परकी, परकी घरची! मला हे फार विलक्षण वाटतं. कॅननच्या ईएफ लेन्सना ॲपर्चरची रिंगही नसते, सगळं विजेवर. साध्या नळीवर त्यांचं ॲपर्चर उघडंच राहतं.

अडॅप्टर आला की आधी गच्चीवर जा. मी अजिंक्यताऱ्यावरच्या टीव्ही टॉवरवर फोकस केला. लेन्सवरच्या अनंताच्या (सगळ्यात लांबच्या फोकसच्या) खुणेच्या किंचित आधीच टॉवर स्पष्ट झाला, म्हणजे नळी केसभर आखूड. हे चालतं, बरेच जण मुद्दाम तशीच बनवतात. टॉवर शेवटपर्यंत धूसरच राहिला तर नळी लांब आहे, सरळ परत करा. आणि मेन्यूत लेन्सशिवाय शटर चालण्याचा पर्याय सुरू करा, कारण जुनी लेन्स कॅमेऱ्याला ओळखूच येत नाही, नाहीतर कॅमेरा क्लिकच करणार नाही.

खरं सुख कासला. सप्टेंबरात पठारावर वारा असतो, गवत हलतं, आणि ऑटोफोकस भलतीच काडी पकडतो. सीतेची आसवं ही फुलं तर नखाएवढी. १०५ ची रिंग हाताने सावकाश फिरवायची, पीकिंगची (फोकस झालेल्या कडा स्क्रीनवर दाखवणारी) रंगीत रेघ पाकळीच्या कडेवर आली की दाबायचं. एफ ५.६ ला मागचं गवत असं विरघळतं की काकांनी फोटो मोठा करकरून बघितला.

१०५ मात्र एक मीटरच्या आत फोकस होत नाही. त्यासाठी लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणारी निकॉनची २७.५ मिमीची पीके-१३ रिंग शोधतोय. सातारा-कराडकडे कुणाकडे पडून असेल तर नक्की कळवा.