दुर्बीण बघायला मिळाली का?

लोकमान्यनगरात आमच्या गल्लीत शिरलं की कुणीतरी हटकतंच, "अगं, तू त्या अंतराळाच्या शिबिराला गेली होतीस ना? दुर्बीण बघायला मिळाली का?" शेजारच्या काकू विचारतात, बाबांचे मित्र विचारतात, बारावीतल्या मुली तर जिन्यात गाठून विचारतात. आजवर मी "नाही हो" म्हणून पुढे गेले. पण एवढ्या आपुलकीनं तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

नाही मिळाली. 2024 च्या मे ते जुलै असे आठ आठवडे मी अंतराळ विज्ञानाच्या उन्हाळी संशोधन कार्यक्रमात होते, तेही आपल्याच इंदूरात. त्या आठ आठवड्यांत एकदाही दुर्बिणीला डोळा लावला नाही. माझा विषय होता आपल्या डोक्यावरचं आयनांबर. सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांनी वरच्या विरळ हवेतले इलेक्ट्रॉन सुटे होतात, त्यांचा हा थर. तीनएकशे किलोमीटरच्या आसपास तो सर्वांत दाट असतो आणि डोळ्यांना अजिबात दिसत नाही.

मग बघायचा कसा? जीपीएसचे उपग्रह साधारण वीस हजार किलोमीटरवरून दोन वेगवेगळ्या वारंवारतांवर संदेश पाठवतात. दोन्ही याच थरातून खाली येतात, पण कमी वारंवारतेचा जास्त रखडतो. गच्चीवरच्या रिसीव्हरनं दोघांमधला फरक मोजला की वाटेत किती इलेक्ट्रॉन भेटले ते काढता येतं. याचं एकक म्हणजे एक चौरस मीटरच्या उभ्या स्तंभात एकावर सोळा शून्यं इतके इलेक्ट्रॉन. असं एक एकक वाढलं की जीपीएसचं अंतर सोळा सेंटिमीटरनं चुकतं. दुपारी ऐंशी एककं असली आणि दुरुस्ती केलीच नाही, तर चूक तेरा मीटरच्या घरात जाते.

मी रुजू झाले त्याच्या आदल्याच आठवड्यात, 10 मेच्या रात्री, 2003 नंतरचं सर्वांत मोठं भूचुंबकीय वादळ झालं होतं, म्हणजे सूर्याकडून आलेल्या कणांच्या लोटानं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळून निघालं होतं. लडाखात हानलेच्या आकाशात लाल उजेड टिपला गेला होता आणि आम्हा सगळ्यांनाच त्या वादळावर काम हवं होतं. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी मला मात्र शांत दिवस दिले, म्हणजे अशी चुंबकीय गडबड नसलेले. दर महिन्यातले सर्वांत शांत दहा दिवस जर्मनीतली एक संस्था निवडून जाहीर करते. तेच घ्यायचे आणि त्यांचे आलेख काढायचे. मी हिरमुसले. मॅडम एवढंच म्हणाल्या, "रोजचा दिवस कसा असतो ते माहीत नसेल, तर वादळानं काय बिघडवलं ते सांगशील कशावरून?"

म्हणून माझा दिवस असा जायचा: सकाळी मेसमध्ये पोहे (जिरावण, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा आपला इंदुरी मसाला, घरून नेलं होतं, ते तिसऱ्या दिवशी संपलं, सगळ्यांनी संपवलं), नऊपासून लॅब, बाहेर चाळिशीपार ऊन. दर तीस सेकंदांना एक नोंद, म्हणजे दिवसाच्या 2880, आणि प्रत्येक नोंदीत आठ-दहा उपग्रह. कुठे एखादा उपग्रह क्षितिजाशी टेकला की आकडे वेडेवाकडे होतात, कुठे संदेश क्षणभर तुटतो आणि आलेखात पायरी पडते. पहिले दोन आठवडे मी फक्त या पायऱ्या शोधत होते. ते काम कंटाळवाणं आहे. पण ते केल्याशिवाय पुढचं काहीच खरं नसतं, म्हणून मी ते जीव लावून केलं.

तिसऱ्या आठवड्यात पहिला स्वच्छ आलेख आला आणि त्यात इलेक्ट्रॉन सकाळी नऊला कमाल गाठत होते. पुस्तकात तर दुपारी दोन-अडीच! मला वाटलं, इंदूरचं काहीतरी वेगळंच सापडलं. रात्रभर जागून दोन पानं लिहिली. सकाळी मॅडमनी आलेख पाहिला आणि विचारलं, "हे नऊ कुणाच्या घड्याळात?" फाइलमधली वेळ ग्रीनिचच्या घड्याळाशी जुळणारी होती. साडेपाच तास मिळवले की दुपारचे अडीच. मला रडू आलं. मॅडम रागावल्या नाहीत, उलट पुढचा प्रश्न दिला: "आणि सूर्याला भारतीय प्रमाणवेळ माहीत आहे का?"

त्या रविवारी मी एकटीच उज्जैनला गेले. सवाई जयसिंहांच्या वेधशाळेत सम्राट यंत्राच्या, म्हणजे तिथल्या भल्यामोठ्या सूर्यघड्याळाच्या, सावलीवर वेळ वाचली, मग मनगटावरची बघितली. घड्याळ पंचवीसेक मिनिटं पुढे. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आणि उज्जैन-इंदूर पावणेशहात्तरच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं धरा, हिशोब जुळतो. दुर्बीण विचारता ना, मला त्या उन्हाळ्यात मिळालेलं यंत्र ते. दगडी, तीनशे वर्षं जुनं. माझ्या कोडमधली उरलेली चूक मला तिथं कळली: वेळ मनगटावरची नाही, सूर्याची धरायला हवी होती.

आता ज्यासाठी हे सगळं सांगायला बसले ते. माझी रूममेट तिरुअनंतपुरमची. तिच्या गावाजवळून भूचुंबकीय विषुववृत्त जातं. रॉकेट सोडायला तिथलं थुंबा म्हणूनच निवडलं गेलं आणि 21 नोव्हेंबर 1963 ला तिथून पहिलं रॉकेट उडालं. त्या रेषेवर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आडवं असतं. दिवसा तिथं पूर्वेच्या दिशेनं विद्युत क्षेत्र तयार होतं आणि दोघं मिळून तिथल्या इलेक्ट्रॉन-आयनांना वर उचलतात. कारंज्यासारखे ते शेकडो किलोमीटर चढतात आणि मग चुंबकीय रेषांवरून उत्तरेला नि दक्षिणेला घसरत येतात. उत्तरेकडे ते जिथं साचतात तो पट्टा गुजरात-माळव्यावरून जातो. म्हणजे आपल्या डोक्यावरून.

एका रात्री आम्ही दोघींनी आपापल्या गावावरचे आलेख एकाच पडद्यावर लावले. दुपार होताच तिचा वर जायचं सोडून सपाट झाला, किंचित वाकलासुद्धा. माझा अजून चढतच होता. तिच्या घरावरून जे उपसलं गेलं त्यातलं काही माझ्या घरावर येऊन साचत होतं. आम्ही कितीतरी वेळ बोललो नाही. इंदूरात जन्मले, इथल्या गच्चीवर उन्हाळ्याच्या रात्री झोपून वाढले, आणि या आकाशाला असं काही वेगळेपण आहे हे मला एकोणिसाव्या वर्षी, एका मल्याळी मुलीच्या शेजारी बसून कळलं. मार्च-एप्रिलमध्ये हा उंचवटा आणखी मोठा असतो, म्हणून आम्ही तेही महिने घेतले.

बारावीतल्या मुलींनो, तुमचं वेगळं सांगते. अर्ज करताना टक्क्यांची फार धास्ती घेऊ नका. अकरावी-बारावीच्या चुंबकत्वाचा आणि लहरींचा धडा पक्का करा, पायथॉन शिका, आणि स्वतः करून पाहिलेलं काही, लहानसं का असेना, अर्जात लिहा. घरचे पाठवायला कचरले तर त्यांना माझ्याकडे आणा.

आजीलाही मी हे गच्चीवर समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, वर बघत राहिली आणि म्हणाली, "मग त्या मुलीला दिवाळीत बोलाव की." बोलावलं. ती आली, सराफ्यात रात्री अकराला भुट्ट्याचा कीस खाल्ला, आणि परतताना गच्चीवर लॅपटॉप उघडून बसलो. त्या शांत दिवसांपैकी एक अजून जुळत नाही. त्या दिवशी सूर्यास्तानंतर तिच्याकडचा आलेख पुन्हा वर चढतो आणि माझ्याकडे काहीच होत नाही. शेवटच्या सादरीकरणात मी तो दिवस वगळला नव्हता, खाली "कारण सापडलेलं नाही" असं लिहिलं होतं. तिनं आता जवळच्या दुसऱ्या रिसीव्हरच्या फाइल मिळवल्यात. पायऱ्या काढायचं काम माझ्याकडे आहे.